आत्याच्या नावाचा गुंड

पोळा होऊन आठवडा उलटला होता, पण ही बातमी पावसापर्यंत पोचलेली दिसत नव्हती. यवतमाळहून निघालो तेव्हा नुसती भुरभुर होती. दारव्हा मागे पडलं तेव्हा गाडीचे वायपर धापा टाकत होते, आणि दिग्रस ओलांडून पुसदच्या रस्त्याला लागलो तर समोर गाड्यांची रांग. पुढच्या नाल्यानं पूल गिळला होता. एका होमगार्डनं रस्त्याच्या दोन बाजूंच्या बाभळींना दोर बांधला होता आणि छत्री धरून त्या दोराच्या मधोमध उभा होता, जणू पडदा वर घ्यायचा की नाही हे त्याच्याच मर्जीवर. मी काच खाली करून विचारलं, किती वेळ लागेल. तो म्हणाला, नाल्याले इचारा.

गाडीत आम्ही तिघं. मी चालक, बाजूला बायको, आणि मागच्या सीटच्या बरोब्बर मध्यभागी, सिंहासनावर बसावं तशी, आत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय शहात्तर, मुक्काम पुसद. यवतमाळात तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. शेवटची तपासणी झाली आणि मी तिला घरी सोडायला निघालो. नवा डोळा मिळाल्यापासून आत्या दिसेल ते मोठ्यानं वाचत होती. खताच्या दुकानाची पाटी, ट्रकच्या मागचा शेर, बिस्किटाच्या पुड्यावरचा बारीक मजकूर. माझ्या आरशावर चिकटलेलं लेबलसुद्धा तिनं दोनदा वाचलं. जग परत मिळालं होतं, आणि ती ते अक्षराअक्षरानं तपासून घेत होती.

तिच्या मांडीवर पाण्याची बाटली होती, तिची स्वतःची. यवतमाळात महिनाभर ती नणंदेकडे राहिली. माझं घर तिथून दोन गल्ल्यांवर. एकदा फाटकापर्यंत आली, फाटकावरचं माझं नाव वाचलं, रंग उडाला म्हणाली आणि परत फिरली. भावाच्या घरचं पाणी तिनं चाळीस वर्षांत तोंडाला लावलेलं नाही. भाऊ गेला, घर माझ्या नावावर आलं, तरी नाही. तीन वर्षांपूर्वी माझी आई गेली, तेव्हाही तिनं दारातूनच हात जोडले. आईनं तिचा गुंड विकला, हे त्याचं कारण सगळ्या नातेवाइकांना पाठ होतं. खरं कारण दोघांनाच माहीत होतं, मला आणि माझ्या बायकोला. तिसरी माहीतगार आई होती.

गुंड म्हणजे आमच्याकडे पाणी भरायचं मोठं पितळी भांडं. पुण्याकडच्या वाचकांनी घाबरू नये.

तर रांगेत अडकलेल्या लोकांनी चहाची टपरी आधीच भरून टाकली होती. रस्त्याच्या कडेला एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग होतं आणि त्याच्या एका शेडवर हातानं रंगवलेली पाटी. आत्यानं ती अर्थातच वाचली. "नावाच्या भांड्यांचं संग्रहालय. प्रवेश खुला. चपला बाहेर." बायको म्हणाली, चला, कोरडं तरी असेल. मी आनंदानं उतरलो. मला संग्रहालयं आवडतात, तिथं कोणी उलटून बोलत नाही.

आत एक सत्तरीचे गृहस्थ स्टुलावर बसले होते. पांढरी टोपी, दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा, बोटांच्या पेरांत आयुष्यभराचं ग्रीस. आधी ते ट्रक दुरुस्त करायचे आणि आता ही भांडी सांभाळत होते. मी त्यांना चाचा म्हटलं, त्यांनी आत्याला बाई म्हटलं आणि बसायला स्टूल दिलं. आत्या बसली नाही. कारण समोर वाचायला मजकूर होता.

शेडच्या चारी भिंतींना लाकडी फळ्या आणि फळ्यांवर भांडी. पराती, गंगाळं, लोटे, कोपरं, डबे, तपेली. एकावर एक नव्हे, तर शाळेच्या फोटोत उभी करावीत तशी, प्रत्येकाचा चेहरा दिसेल अशी. चेहरा म्हणजे नाव. पूर्वी लग्नात मुलीला भांडं दिलं की बाजारात बसलेला नाव टाकणारा छिन्नी-हातोडीनं टिंब टिंब ठोकून त्यावर तिचं नाव घालायचा. कोणी दिलं, कधी दिलं, सगळं. इथं असं नाव नसलेलं एकही भांडं नव्हतं.

चाचांनी त्याची कथा सांगितली. त्यांचे वडील सायकलवर गावोगाव फिरून भंगार घ्यायचे आणि पितळ वितळवणाऱ्या भट्टीला द्यायचे. पण नाव असलेलं भांडं त्यांनी कधी भट्टीत जाऊ दिलं नाही. नाव वितळवायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्या बाईचं नाव आहे ती आज ना उद्या विचारत येईल. चाचांच्या आई म्हणायच्या, घरात पाय ठेवायला जागा नाही आणि हे परक्या बायका आणून ठेवतात. वडील गेले, आई गेली, भांडी राहिली. मग चाचांनी ही शेड मागून घेतली.

"येतात का कोणी?" बायकोनं विचारलं.

"येतात ना. मागच्या साली एक बाई राजूरहून आलती. आजीची परात घेऊन गेली." त्यांनी भिंतीवरच्या नियमाकडे बोट केलं. आत्यानं तो खड्या आवाजात वाचला. "आपल्या माणसाच्या नावाचे भांडे सापडल्यास मोफत न्यावे. भांडे घरातून कसे गेले ते खरे खरे वहीत लिहावे."

पावसाचे शिंतोडे आत येऊ लागले म्हणून चाचांनी शेडचं लोखंडी शटर खर्रकन गुडघ्यापर्यंत खाली ओढलं. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की बोलायला कानाशी तोंड न्यावं लागे. मी मजेत होतो. पाठीमागे हात बांधून, पाहुण्या अधिकाऱ्यासारखा, मागच्या भिंतीकडे निघालो.

आणि तिथं, खालून दुसऱ्या फळीवर, तो बसला होता.

मी त्याला पोटावरच्या पोच्यावरून ओळखला. तो पोचा मी पाडला होता, माळ्यावरून खाली घेताना. वाकून पाहिलं. टिंबांच्या दोन ओळी. पहिलीत आत्याचं लग्नानंतरचं नाव, दुसरीत: हीस आईकडून.

आता मला माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट सांगितली पाहिजे. मित्रांच्या बैठकीत मी ती किमान शंभरदा सांगितली आहे आणि लोक गडाबडा लोळले आहेत. मी दहा वर्षांचा होतो. गावच्या गणपतीत नाटक होतं आणि मी राजा होतो. तीन वाक्यांचा का होईना, पण राजा. मास्तरांनी पुठ्ठ्याचा मुकुट दिला. त्याच आठवड्यात सायकलवरचा भंगारवाला आला आणि त्याच्या टोपलीत, फुटक्या कंदिलांच्या मध्ये, कोण्या बुडालेल्या नाटक कंपनीचा खराखुरा मुकुट. पत्र्याचा, सोनेरी, लाल-हिरव्या काचांचा. मी माळ्यावर गेलो, तिथं उलटा घालून ठेवलेला एक गुंड खाली आणला आणि मुकुट घेतला. मुकुट मोठ्या माणसाच्या डोक्याचा. पहिल्या वाक्याला तो कपाळावर आला, दुसऱ्याला नाकावर आदळला, आणि तिसरं वाक्य बोलायच्या आत आंधळा राजा रंगमंचावरून थेट पेटीवाल्याच्या मांडीत पडला.

गोष्ट मी तिथंच थांबवतो. टाळ्या तिथंच येतात.

तिथून पुढचं मी बैठकीत कधी सांगितलं नाही. तो गुंड आत्याच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, तिच्या लग्नात दिला होता आणि वर्षाच्या आत आजी गेली. आत्याचं तेव्हाचं बिऱ्हाड एका खोलीचं, म्हणून गुंड कित्येक वर्षं माहेरीच ठेवलेला. मोठं घर झालं तेव्हा, त्या दसऱ्याला, ती तो न्यायला आली. माळा रिकामा. वडील ओसरीवर बसलेले, आणि त्यांचा पट्टा खुंटीला. आत्याच्या हातात पाण्याचा पेला होता, नुकताच आईनं दिलेला. सगळे सगळ्यांकडे पाहत होते. आईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या नाकावर मुकुटाच्या ओरखड्याचा व्रण अजून दिसत होता. मग ती आत्याला म्हणाली, "म्या ईकला. नड होती."

आत्यानं पेला खाली ठेवला. तो तिनं पुन्हा उचलला नाही.

तर आता तुमच्या लक्षात आलं असेल की त्या शेडमध्ये मला संग्रहालयं आवडेनाशी का झाली. मागे वळून पाहिलं. आत्या पहिल्या भिंतीशी होती, एकेका नावावर बोट फिरवत होती आणि मोठ्यानं वाचत होती. फळी संपली की पुढची फळी. अगदी शिस्तीत. चुकवणार काही नव्हती.

मी गुंड उचलला आणि नाव भिंतीकडे करून ठेवला. मग चेहऱ्यावर संस्कृतीप्रेम आणून परातींपाशी जाऊन उभा राहिलो. दोन मिनिटांनी पाहतो तर चाचा फडकं घेऊन आले, गुंड पुसला आणि नाव पुन्हा समोर केलं. ते तिकडे गेले, मी इकडे आलो, गुंड फिरवला. ते आले, त्यांनी फिरवला. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या नाकाकडेही पाहिल्याचं मला वाटलं. पण घाबरलेल्या माणसाला काय काय वाटतं.

आत्या दुसऱ्या भिंतीशी आली. मी म्हटलं, आत्या, बाहेर भजी निघून राह्यली. ती म्हणाली, तेलकट नाही चालत मले. मी शटरखालून रांगत बाहेर गेलो, भिजत होमगार्डपर्यंत पोचलो आणि पूल पायी ओलांडता येईल का विचारलं. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी परत आलो. तोवर आत्या तिसऱ्या भिंतीशी. मी बायकोकडे पाहिलं. तिनं सगळं पाहिलं होतं. ती कानाशी आली आणि म्हणाली, "आज पूर्ण सांगा." एवढंच म्हणाली आणि शटरच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. म्हणजे तीही वाट बंद झाली.

आत्याचं बोट मागच्या भिंतीवर आलं. वरची फळी वाचली. खाली वाकली. एक लोटा. एक डबा. मग आवाज थांबला.

पत्र्यावर पाऊस चालूच होता, पण मला तो ऐकू येईना. आत्यानं बोट पहिल्या ओळीवरून सावकाश नेलं, टिंबाटिंबानं, मग दुसऱ्या ओळीवरून. मग चष्मा काढला आणि डोळे मिटून पुन्हा नेलं. 'आईकडून' या शब्दावर बोट बराच वेळ राहिलं.

"भाऊ," ती चाचांना म्हणाली, "हे माया नाव हाये."

चाचांनी काही आश्चर्य दाखवलं नाही. टेबलाच्या खणातून जाड वही काढली, पेन काढलं, आत्याला स्टूल दिलं. आता ती बसली. गुंड तिच्या मांडीवर होता, हातातली पाण्याची बाटली खाली पडली होती.

"बाई, नेम हाये. घरातून कसा गेला, सांगा. मी लिवतो."

आत्या म्हणाली, "लिवा. भावजईनं ईकला."

चाचांनी पेन वहीवर टेकवलं. पण लिहिलं नाही. पेन झटकलं. पुन्हा टेकवलं. शाई सुकली म्हणाले. बॉलपेनाची शाई सुकली म्हणून त्यांनी ते मन लावून तळहातावर घासलं आणि विचारलं, "पक्कं ना बाई? एकदा लिवलं का मी खोडत नाही."

"पक्कं काहून नाही? तिनं सोता सांगतलं होतं. लिवा. तिचं नाव बी लिवा."

मला अजून आठवतं, त्या क्षणी मी शटरच्या खालच्या फटीकडे पाहत होतो. तिथं फक्त गढूळ पाणी आणि बायकोचे पाय दिसत होते. मी आयुष्यभर बोलून पोट भरलं नसेल, पण बोलून माणसं जिंकली आहेत. कोणत्याही बैठकीत मला शब्द शोधावा लागत नाही. आणि इथं आईचं नाव त्या वहीत चोर म्हणून जाणार होतं, तीन वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचं, जिला आता नाही म्हणायलाही तोंड नव्हतं. शेवटी माझ्या तोंडून आवाज निघाला तो दहा वर्षांच्या पोराचा निघाला.

"मायनं नाही ईकला, आत्या. म्या देल्ला."

आत्यानं मान वर केली.

मी सांगितलं. हातवारे नव्हते, पेटीवाला नव्हता. मुकुट, माळा, भंगारवाला, दसरा, खुंटीवरचा पट्टा, आईनं माझ्याकडे पाहिलेलं. त्यानंतर मी चाळीस वर्षं गप्प राहिलो, हेही. गोष्ट फार लहान निघाली. इतकी वर्षं मी तिला किती फुगवलं होतं.

चाचा उठले, आत्याच्या मांडीवरच्या गुंडात हात घातला आणि तळाशी चिकटवलेली एक पिवळी चिठ्ठी अलगद सोडवली. वडिलांची चिठ्ठी, उर्दूत लिहिलेली. त्यांनी ती वाचली. "दस-बारा साल का लड़का. ताज के बदले दिया. घर में किसी को मालूम नहीं. घरवाले आएंगे."

मग ते आत्याला म्हणाले की वडिलांचा तसाच नेम होता. चिठ्ठीत काय आहे ते आधी सांगायचं नाही. आलेल्या माणसाला विचारायचं. दोन्ही जुळलं तरच भांडं द्यायचं, नाही तर कोणीही येईल आणि नाव सांगून नेईल. भावजईचं लिहिलं असतं तर गुंड इथंच राहिला असता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी तीन डाव फिरवला तवाच मले समजलं, का हाच तो पोरगा." वहीत त्यांनी एकच ओळ लिहिली. पेन अगदी झकास चाललं.

आत्या माझ्याकडे पाहत होती, त्या नव्या डोळ्यानं. मी मार खायला तयार होतो. पट्टा असता तर काढून दिला असता.

"मुकुट डोक्याले बसला का तरी?" तिनं विचारलं.

"नाही. नाकावर आला."

"बरं झालं," ती म्हणाली. मग गुंडावर हात ठेवून, माझ्याशी नाही, कोणाशीच नाही, बोलावं तसं बोलली. "ती म्हने म्या ईकला. आन् म्या खरं मानलं. तिच्या अंगावर तवा एक धड लुगडं नव्हतं. ईकला असता तर ते पैसे कुठं गेले, येवढं तरी मी इचारायचं होतं."

बायको कधी जवळ आली कळलं नाही. ती आत्याशेजारी जमिनीवर बसली.

चारच्या सुमाराला पाऊस थांबला नाही, पण दमला. होमगार्डनं दोर सोडला आणि रांगेतल्या गाड्यांनी एकदम भोंगे वाजवले. चाचांनी गुंडाच्या रिकाम्या जागी एक कागद लावला, त्यावर वहीतली ओळ. त्या शेडमध्ये आता मी कायमचा मांडलेला आहे: भाच्यानं दिला, मुकुटासाठी. मोफत प्रवेश.

गाडीत आत्या मध्यभागी बसली, गुंड मांडीवर. मी गाडी पुसदकडे वळवली.

"तिकडं कुठं चालला?"

"पुसदले. पूल मोकळा झाला ना."

"पुसद कुठं पयून चाल्लं? वापस फिरव."

माझ्या तेव्हा ध्यानात आलं की मागचा रस्ता दिवसभर मोकळाच होता. दोर होता तो फक्त पुढच्या बाजूला. त्या दिवसभरात मागे वळायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दिवेलागणीला आम्ही यवतमाळात पोचलो. आत्यानं फाटकावरचं नाव या वेळी वाचलं नाही. सरळ आत आली, स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी उभी राहून गुंड बायकोकडे दिला. बायकोनं तो घासला आणि नळाखाली धरला. अर्धा भरला असेल नसेल, तर बुडातून एक बारीक धार ओट्यावर पडू लागली. चाळीस वर्षांत भोक पडलं होतं. बायको घाबरून माझ्याकडे पाहू लागली. आत्यानं पुढे होऊन भोकावर बोट दाबलं, मोतीबिंदूच्या पट्टीला दाबावं तसं, अगदी सहज, आणि म्हणाली, पेला बुचक.

बायकोनं पेला बुचकळून दिला. आत्यानं दुसऱ्या हातानं तो घेतला. भिंतीवर आईचा फोटो आहे, तिकडे तिनं पाहिलं की नाही ते मी पाहिलं नाही. मी ओट्यावर सांडलेलं पाणी पुसत होतो आणि फार वेळ पुसत होतो. तिनं सगळा पेला एका दमात संपवला.

"तुमच्या नळाले चवच नाही," ती म्हणाली, आणि बोट न काढता पेला पुन्हा पुढे केला.